खुर्चीत होता तेव्हा?

माजी पंतप्रधानानं आजच्या पंतप्रधानावर टीका केल्याची बातमी आली की बेळगावात चहाच्या गाड्यावर पहिला प्रश्न ठरलेला : "खुर्चीत होते तेव्हा काय केलं ओ यांनी?" शहापूर असो, निपाणीचं स्टँड असो की खानापूरचा बाजार, शब्द थोडे इकडचे तिकडे होतात, प्रश्न तोच. सीमाभागातल्या माणसाच्या तोंडी तो उगाच बसलेला नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला हा भाग म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला; तेव्हापासून इथल्या मराठी माणसानं दिल्ली, मुंबई आणि बेंगळूर अशा तीन ठिकाणची सरकारं येता-जाता पाहिली. १९६६ च्या ऑक्टोबरात या सीमावादासाठी महाजन आयोग नेमला गेला, १९६७ ला अहवाल आला. निपाणी, खानापूर, नंदगडसह २६४ गावं महाराष्ट्राला द्यावीत आणि बेळगाव शहर म्हैसूर राज्यातच ठेवावं, असं त्यात होतं. महाराष्ट्रानं तो नाकारला, २००४ ला सर्वोच्च न्यायालयात दावा लावला, आणि तो अजून तिथंच आहे. या सगळ्या काळात खुर्चीतला माणूस जपून बोलतो आणि खुर्ची सुटली की त्याला कंठ फुटतो, हे इथं पिढ्यान्‌पिढ्या पाहिलं गेलंय.

प्रश्न रास्तच आहे. खोट एवढीच की तो बहुतेक वेळा उत्तर ऐकायला विचारलेला नसतो. तो विचारला की विषय संपतो, कप खाली ठेवायचा, चालू पडायचं. माझ्या मते आपलं नुकसान तिथंच होतं. देशाच्या सर्वोच्च कार्यालयातल्या फायली आतून पाहिलेली माणसं एका वेळी मोजकीच हयात असतात. त्यांतल्या कुणी पुढच्याच्या कारभाराबद्दल तोंड उघडलं तर ती साक्ष समजावी. साक्षीदाराचा स्वार्थ बघावा, मागचा हिशेब काढावा, उलटतपासणी कडक घ्यावी. पण साक्ष नोंदवायच्या आधीच त्याला पिंजऱ्यातून खाली ओढण्यात काय हशील? कोर्टकचेरीत दोन दशकं काढलेल्या भागाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

उलटतपासणी घ्यायची तर आधी या साक्षीदाराच्या तोंडाला कुठं कुलूप आहे ते ठाऊक हवं. आपल्या राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत मंत्र्याला दोन शपथा आहेत, एक पदाची आणि दुसरी गोपनीयतेची. मंत्री म्हणून समोर आलेली किंवा कळलेली कोणतीही बाब, कर्तव्यासाठी लागेल तेवढी सोडून, कुणालाही सांगणार नाही, असं ती दुसरी शपथ म्हणते. पद गेलं म्हणून ती बाब मोकळी होत नाही. वर १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा आहेच. म्हणजे ज्या माणसाला सगळ्यात जास्त माहीत आहे त्यालाच कागद दाखवून बोलता येत नाही. मुरलेला माजी पंतप्रधान म्हणून एक वेगळी वाट धरतो. माहिती बाहेरची वापरायची, सगळ्यांना उघड असलेली. पण कुठल्या आकड्याकडे बोट दाखवायचं हे आतल्या अनुभवावरून ठरवायचं. नवख्या वाचकाला असं भाषण मिळमिळीत वाटतं. ज्याला खरोखर कळलेलं असतं त्याला त्यातलं एखादं वाक्य खडकन लागतं.

कुठं बोलला, यालाही वजन आहे. सभागृहात बोललं तर अनुच्छेद १०५ चं संरक्षण असतं, त्या बोलण्यावरून कोर्टात खेचता येत नाही. मात्र लोकसभेत एखाद्यावर बदनामीकारक आरोप करायचा तर नियम ३५३ प्रमाणे अध्यक्षांना आणि संबंधित मंत्र्याला आधी सूचना द्यावी लागते. तिथलं बोलणं इतिवृत्तात जातं, "मी असं म्हटलंच नव्हतं" ही पळवाट बंद होते. मुलाखतीचं तसं नाही. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर मे २००७ मध्ये आर्कान्सातल्या एका दैनिकाशी बोलताना म्हणून गेले, की जगात देशाची पत घालवण्याच्या बाबतीत धाकट्या बुशचं सरकार इतिहासातलं सर्वांत वाईट. गदारोळ झाला, आणि दोनच दिवसांत त्यांना म्हणावं लागलं की शब्द बेफिकिरीचे होते, किंवा त्यांचा अर्थ चुकीचा लावला गेला. इराक युद्धाबद्दलचं त्यांचं मत बदललं नव्हतं. फसला तो मुलाखतीतला एक विशेषणाचा प्रयोग. आत्मचरित्रातली टीका तर मी आणखी खालच्या रकान्यात टाकतो. ती पुस्तक विकायच्या हंगामात येते, आणि ज्याच्यावर ती असते तो कित्येकदा तोवर स्वतःच माजी झालेला असतो.

आपल्याकडचा अलीकडचा सगळ्यात नीट तपासता येण्याजोगा नमुना म्हणजे २४ नोव्हेंबर २०१६ चं राज्यसभेतलं मनमोहन सिंगांचं भाषण. जेमतेम सात मिनिटांचं. ते समजायला त्या दिवशी आपल्या भागात काय चाललं होतं ते आठवावं लागेल.

८ नोव्हेंबरच्या रात्री ५०० आणि १००० च्या नोटा रद्द झाल्या. बँकेच्या खिडकीवर नोटा बदलून देण्याची मर्यादा आधी ४,०००, मग ४,५००, मग १८ तारखेपासून थेट २,००० झाली, आणि २४ च्या मध्यरात्रीनंतर बदलून देणंच बंद. खात्यातून आठवड्याला २४,००० काढता येतील, असं कागदावर होतं. बँकेत तेवढी रोकड असेल तर. त्यात १४ नोव्हेंबरला रिझर्व्ह बँकेचा आदेश आला, की जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांनी जुन्या नोटा बदलून द्यायच्या नाहीत आणि भरूनही घ्यायच्या नाहीत. शहरात बसलेल्याला ही एक ओळ वाटेल. चिकोडी, निपाणी, अथणी, खानापूर तालुक्यांत गावचा पैसा फिरतो तो कृषी पत्तीन संघातून, म्हणजे गावच्या शेती पतसंस्थेतून, आणि तिच्या डोक्यावर असलेल्या डीसीसी, म्हणजे जिल्हा मध्यवर्ती बँकेतून. पीककर्ज तिथं, दुधाचं-उसाचं बिल कित्येकांचं तिथं. संघाला जुन्या नोटा घ्यायची परवानगी नाही, डीसीसीलाही नाही, आणि राष्ट्रीयीकृत बँकेची शाखा कित्येकदा लांबच्या गावी. शेतकऱ्यानं रब्बीचं बियाणं कशानं आणायचं?

मजुरीचं तर विचारूच नका. निपाणीत घरोघरी विड्या वळणाऱ्या बायकांची मजुरी हजार विड्यांवर ठरते आणि रोख मिळते. पानं आणि तंबाखू घरी न्यायचा, वळून झालेला माल द्यायचा, त्यातून खराब म्हणून काही बाजूला काढला जाणार, उरलेल्याचे पैसे. बेळगावात वडगाव-खासबागेच्या यंत्रमागांवरही हिशेब आठवड्याचाच. नोव्हेंबर म्हणजे गाळपाचा हंगाम, ऊसतोडीच्या टोळ्या फडात उतरलेल्या. या तिन्ही ठिकाणी चेक नावाची वस्तू चालत नाही. एक आठवडा रोकड आटली की वाण्याची उधारी वाढते. दुसऱ्या आठवड्यात वाण्यालाच घाऊक बाजारातून माल उचलता येत नाही.

आता भाषणाकडे या. सुरुवातीलाच ते म्हणाले, की नोटबंदीच्या उद्दिष्टांशी माझा वाद नाही. टीका करायला उठलेला माणूस पहिल्याच दमात प्रतिपक्षाला अर्धी जमीन देऊन टाकतो, हे बघण्यासारखं आहे. कारण त्यानंतर उरलेल्या अर्ध्या जमिनीवर त्याला कुणी देशद्रोही म्हणू शकत नाही. मग त्यांनी बोट ठेवलं ते अंमलबजावणीवर. पंतप्रधान पन्नास दिवस थांबा म्हणतात; पन्नास दिवस हा थोडाच काळ, पण गरिबाला ते पन्नास दिवस आयुष्यातून उठवू शकतात. देशातले नव्वद टक्क्यांहून अधिक लोक असंघटित क्षेत्रात काम करतात. ग्रामीण भागाला आधार असलेल्या सहकारी बँका निकामी झाल्यात, त्यांना रोकड हाताळायला मनाई आहे. बँकेचे नियम रोज बदलतात हे पंतप्रधान कार्यालयाचं, अर्थमंत्र्यांचं आणि रिझर्व्ह बँकेचं बरं चित्र नाही. लोकांनी स्वतःचे पैसे बँकेत ठेवले आणि ते त्यांना काढता येत नाहीत, असा जगात एखादा देश पंतप्रधानांनी मला दाखवावा. आणि मग तो आकडा : राष्ट्रीय उत्पन्न दोन टक्के अंकांनी घटू शकेल, हा अंदाजही कमीच धरलाय. "संघटित लूट आणि कायदेशीर लुबाडणूक" हे शब्दही त्याच भाषणातले.

दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यांत काय आलं असेल ते सांगायला नको. लूट आली, लुबाडणूक आली. सहकारी बँकांचं वाक्य आतल्या परिच्छेदात गेलं किंवा जागेअभावी गळलं. सीमाभागाच्या दृष्टीनं त्या सात मिनिटांतलं सगळ्यात जड वाक्य तेच होतं. १९८२ ते ८५ रिझर्व्ह बँकेचा गव्हर्नर राहिलेला माणूस म्हणतोय की गावाकडची नळी तुम्ही बंद केलीत. यात फाइलीतलं गुपित एकही नाही, पण कुठली नळी बघायची हे त्या खुर्चीत बसलेल्यालाच सुचतं.

दोन टक्क्यांचं पुढं काय झालं? एप्रिल ते जून २०१७ च्या तिमाहीत वाढीचा दर ५.७ टक्के जाहीर झाला तेव्हा टीकाकारांनी "बघा, सांगितलं होतं" म्हटलं. जानेवारी २०१९ मध्ये सुधारित आकडे आले आणि २०१६-१७ सालाची वाढ आधीच्या ७.१ वरून ८.२ टक्क्यांवर गेली, तेव्हा समर्थकांनी तेच वाक्य उलट्या दिशेनं म्हटलं. दोघांनीही आपापल्या सोयीचा आकडा उचलला. अडचण अशी, की तेव्हा तिमाही आकडे काढताना असंघटित क्षेत्राची थेट मोजणी होत नव्हती. बराचसा भाग संघटित क्षेत्राच्या निर्देशकांवरून अंदाजानं धरला जायचा. नोंदणीकृत कारखाना चालू राहिला तर त्याच्या मापानं घरातली विडीही वळली गेली असं मानलं जायचं. निपाणीतल्या बाईचा बुडालेला आठवडा या आकड्यात कुठंच सापडणार नाही, ना मनमोहन सिंगांच्या बाजूनं ना विरोधात. म्हणून त्या भाषणातला आकडा सिद्ध झाला असं मी म्हणणार नाही आणि खोटा पडला असंही नाही. त्यांनी तपासता येईल असं काहीतरी टेबलावर ठेवलं, एवढं मात्र नक्की. माजी नेत्यांच्या बोलण्यात हे फार क्वचित सापडतं.

गंमत म्हणजे जिथं, म्हणजे नोटबंदीच्या उद्दिष्टांवर, त्यांनी उदारपणे मान डोलावली तिथंच पुढं मोठं भोक निघालं. रिझर्व्ह बँकेच्या २०१७-१८ च्या वार्षिक अहवालाप्रमाणे रद्द झालेल्या नोटांपैकी ९९.३ टक्के परत आल्या; काळा पैसा बाहेरच अडकून बाद होईल ही अपेक्षा फोल ठरली.

आता चहाच्या गाड्यावरचा प्रश्न. खुर्चीत होते तेव्हा काय केलं? नीट विचारला तर त्याला नेमकं उत्तर आहे. २२ जानेवारी २०१४ ला, मनमोहन सिंग पंतप्रधान असतानाच, रिझर्व्ह बँकेनं २००५ पूर्वी छापलेल्या सगळ्या नोटा मागं घेण्याचं जाहीर केलं. तेव्हाच्या विरोधी पक्षानं, म्हणजे भाजपनं, तो निर्णय गरिबांच्या मुळावर येणारा म्हणून झोडपला. फरक होता तो रीतीचा : नोटा चलन म्हणून वैध राहिल्या, मुदत पुन्हापुन्हा वाढवली गेली, काम दोन वर्षांहून अधिक काळ चाललं आणि बाजारात कुणाला फारसं जाणवलंही नाही. काळा पैसा त्यातून किती बाहेर आला हा पुढचा प्रश्न, आणि तो त्यांना विचारायला हरकत नव्हती. कुणी विचारला मात्र नाही.

उत्तर आलं ते वेगळंच. ८ फेब्रुवारी २०१७ ला राज्यसभेत नरेंद्र मोदी म्हणाले, की तीस-पस्तीस वर्षं हा माणूस देशाच्या आर्थिक निर्णयांच्या केंद्रस्थानी होता, आजूबाजूला इतके घोटाळे झाले आणि याच्या अंगावर एक डाग नाही. बाथरूममध्ये रेनकोट घालून आंघोळ करायची कला डॉक्टरसाहेबांकडूनच शिकावी. काँग्रेसनं सभात्याग केला. त्या वाक्यातली कारागिरी मान्य करायला हवी, टाळी घेणारं आहे. पण सहकारी बँका, पन्नास दिवस, दोन टक्के, यांपैकी कशालाही ते शिवत नाही. आपल्या गाड्यावरचाच प्रश्न तो, फक्त नाट्यगृहात नेऊन म्हटलेला.

याच्याशेजारी २००५ चं प्रकरण ठेवून बघा. १८ जुलैला वॉशिंग्टनमध्ये भारत-अमेरिका अणुकराराचं संयुक्त निवेदन झालं आणि दोन दिवसांत अटलबिहारी वाजपेयींनी पत्रक काढून हरकत घेतली. पोखरणचा १९९८ चा स्फोट ज्यांच्या सहीनं झाला त्यांची हरकत होती ती नागरी आणि लष्करी अणुसुविधा वेगळ्या करण्याला. अशी वाटणी केली तर पुढं किती अण्वस्त्रं ठेवायची हे ठरवायला आपल्याला मोकळीक राहील का? शिवी नाही, गद्दारीचा आरोप नाही. यावर "तुमच्याच काळात अमेरिकेशी बोलणी सुरू झाली" हा टोला बसणार होताच, आणि बसलाही. जानेवारी २००४ चा सामरिक भागीदारीचा कार्यक्रम वाजपेयींच्याच कारकिर्दीतला. पण प्रश्न मोजता येण्याजोगा होता, म्हणून त्याचं मोजून उत्तर निघालं. शास्त्रज्ञांनीही तोच मुद्दा लावून धरला होता. मार्च २००६ च्या विभागणीत २२ अणुभट्ट्यांपैकी १४ आंतरराष्ट्रीय तपासणीखाली गेल्या आणि ८ बाहेर राहिल्या. ज्याला पटलं नाही त्याला निदान कशाशी भांडायचं ते कळलं. २२ जुलै २००८ च्या विश्वासदर्शक ठरावात सरकार २७५ विरुद्ध २५६ नं तरलं, त्याच वर्षी मनमोहन सिंगांनी राज्यसभेत वाजपेयींना भारतीय राजकारणातले भीष्म म्हटलं होतं. त्या उपमेत आदर किती आणि चिमटा किती, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

मागचा हिशेब काढायचा तो असा, विषयाला धरून. माजी पंतप्रधान चंद्रशेखर नव्वदच्या दशकात उदारीकरणावर लोकसभेत तुटून पडायचे, जागतिक व्यापार करारासाठीच्या डंकेल मसुद्यावर तर फारच. ऐकायला दमदार. पण मे १९९१ मध्ये स्टेट बँकेच्या ताब्यातलं वीस टन सोनं परत विकत घेण्याच्या बोलीवर परदेशात गेलं ते त्यांच्याच सरकारच्या काळात. म्हणजे तिजोरीची अवस्था त्यांना दुसऱ्या कुणाहीपेक्षा आधी कळली होती. यावरून त्यांची टीका खोटी ठरते का? माझ्या मते नाही. त्यांना विचारायला हवं होतं ते एवढंच, की सोनं पाठवल्यानंतर तुमच्याकडे दुसरी कुठली वाट होती, ती सांगा. ब्रिटनच्या माजी पंतप्रधान मार्गरेट थॅचर यांनी १९९३ मध्ये लॉर्ड्सच्या सभागृहात युरोपीय संघ घडवणाऱ्या मास्ट्रिख्ट कराराबद्दल सांगितलं, की मी यावर कधीच सही केली नसती. युरोपात बहुमतानं निर्णय घेण्याचा परीघ वाढवणारा १९८६ चा कायदा त्यांच्याच सरकारनं संसदेत पुढं रेटला होता. तिथं त्यांचा मागचा हिशेब खरोखर आड येतो, कारण विषय तोच आणि दिशाही तीच. त्यांच्यानंतरचे पंतप्रधान जॉन मेजर यांचं बहुमत १९९२ ला २१ चं; माजी पंतप्रधानाच्या एका वाक्यानं सात-आठ खासदारांची पाठ ताठ झाली तरी सरकार लटपटणार, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. त्यांच्या आधी त्यांच्याच हुजूर पक्षाचे माजी पंतप्रधान एडवर्ड हीथ यांनी थॅचर यांच्यावर असंच तोंड टाकलं होतं, २००१ पर्यंत खासदार राहून. आपल्यानंतर आलेल्याला छळायची वंशपरंपरा त्या पक्षात चांगलीच रुजलेली.

स्वार्थ बघायचा म्हणजे काय बघायचं, तर परत यायची वाट उघडी आहे का. अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी स्वतः पुढं आणलेल्या अध्यक्ष टाफ्ट यांच्यावर टीका करता करता १९१२ ला वेगळा पक्ष काढला. त्यांना अध्यक्ष निवडणाऱ्या मंडळाची ८८ मतं, टाफ्टना ८, आणि मधल्या मध्ये विल्सन ४३५ घेऊन अध्यक्ष झाले. मलेशियाचे महाथीर जास्त चिवट. बावीस वर्षं पंतप्रधान राहून २००३ ला पायउतार झाले. २००६ मध्ये त्यांच्या जागी आलेल्या अब्दुल्ला बदावी यांनी सिंगापूरकडे जाणाऱ्या वाकड्या पुलाचा महाथीरांचा प्रकल्प गुंडाळला तेव्हापासून टीका सुरू, २००८ ला पक्षच सोडला. बदावींनंतर नजीब पंतप्रधान झाले, आधी पाठिंबा, मग सरकारी गुंतवणूक निधीच्या घोटाळ्यावरून पुन्हा हल्ला, पुन्हा पक्षत्याग. ९ मे २०१८ ला वयाच्या ९२ व्या वर्षी निवडणूक जिंकून गडी परत पंतप्रधान, तेही स्वतःच्याच काळात तुरुंगात गेलेल्या अन्वर इब्राहीम यांच्या पक्षाला हाताशी धरून. घोटाळ्याबद्दलचं त्यांचं म्हणणं खरं ठरलं, पुढं नजीब यांना शिक्षाही झाली. स्वार्थ आणि सत्य एकाच माणसाच्या तोंडून निघू शकतात याचं यापेक्षा ठळक उदाहरण मला माहीत नाही.

मौनाचं फार कौतुक होतं, ते मला तितकंसं पटत नाही. धाकटे बुश मार्च २००९ मध्ये कॅल्गरीत म्हणाले, की ओबामांना माझं मौन मिळायला हवं. शोभून दिसलं. पण दोन युद्धं आणि बुडालेल्या बँका मागं सोडून आलेल्या माणसाला मौन सोयीचंही होतं, हे कुणी फारसं बोललं नाही. मेक्सिकोतलं मौन तर भीतीतून आलं. १९३५ च्या जूनमध्ये कायेस या माजी अध्यक्षानं तेव्हाचे अध्यक्ष कार्देनास यांच्या काळातल्या संपांवर जाहीर टीका केली. कार्देनास यांनी कायेसची माणसं मंत्रिमंडळातून काढली आणि एप्रिल १९३६ ला खुद्द कायेसनाच विमानात बसवून देशाबाहेर पाठवलं. त्यानंतर कित्येक दशकं तिथले माजी अध्यक्ष फार शहाण्यासारखे गप्प बसत.

आपल्याकडे विमानात कुणी बसवत नाही, पण माजी पंतप्रधानाचं घर, कार्यालयातली माणसं, सुरक्षा हे सगळं चालू सरकारच्या हातून येतं, हे विसरू नये. ऑगस्ट २०१९ मध्ये मनमोहन सिंगांची एसपीजी, म्हणजे पंतप्रधानांसाठीच्या खास पथकाची, सुरक्षा काढून केंद्रीय राखीव दलाची दिली गेली. त्याच वर्षअखेरीच्या दुरुस्तीनं माजी पंतप्रधानांना एसपीजी पाचच वर्षं, असं कायद्यात बसलं. ब्रिटनमध्ये माजी पंतप्रधानांच्या सार्वजनिक कामाचा खर्च म्हणून वर्षाला १,१५,००० पौंडांपर्यंत मिळतात, ती सोय थॅचर पायउतार झाल्यानंतर १९९१ मध्ये सुरू झाली, आणि टीका केली म्हणून ती थांबत नाही. अमेरिकेत निवृत्तिवेतन १९५८ च्या कायद्यानं पक्कं आहे, पण गुप्त माहितीचे अहवाल मिळणं हे चालू अध्यक्षाच्या मर्जीवर : बायडेन यांनी २०२१ ला ट्रम्प यांचे बंद केले, ट्रम्प यांनी २०२५ ला बायडेन यांचे. टीकाकाराला आता काय काय दिसतं, हेही म्हणून विचारात घ्यावं. पाच वर्षांपूर्वीच्या माहितीवर आजच्या परराष्ट्र धोरणावर बोलणारा माजी चुकला तर त्यात नेहमीच लबाडी नसते.

सीमाभागाच्या कामाचा आणखी एक भाग उरतो. माजी पंतप्रधान आपल्या राज्यात परतला की तो देशाचा राहतो की राज्याचा होतो? एच. डी. देवेगौडा १ ऑक्टोबर २०१६ ला, वयाच्या ८३ व्या वर्षी, कावेरीच्या पाण्यासाठी बेंगळुरात विधानसौधाजवळ उपोषणाला बसले आणि केंद्रीय मंत्र्यांच्या आश्वासनानंतर त्याच दिवशी उठले. कर्नाटकातल्या शेतकऱ्याच्या नजरेतून त्यात गैर काही नाही. पवार दिल्लीत मंत्री असताना महाराष्ट्राचं बोलले की आपणही खूशच व्हायचो, आपला तो बाब्या. पण दोन राज्यांच्या भांडणात सापडलेल्या गावाला याचा अर्थ कळतो. ज्यानं एकदा सगळ्या राज्यांचा पंच म्हणून काम केलं तोही शेवटी एका बाजूच्या ओसरीवर जाऊन बसतो.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी माजी मोठा माणूस बेळगावच्या व्यासपीठावर येऊन आत्ताच्या दिल्ली सरकारनं सीमाप्रश्नाचं काय केलं असं विचारू लागला, तर गाड्यावरचा प्रश्न जरूर विचारावा, फक्त त्याला तारीख जोडावी. खुर्चीत कधी होता, मार्च २००४ च्या आधी की नंतर? नंतर असेल तर प्रकरण न्यायप्रविष्ट आहे हे त्याचं म्हणणं निदान ऐकून घेता येतं. त्यालाही मग विचारावं, केंद्र या दाव्यात प्रतिवादी आहे, तुझ्या सरकारनं कोर्टात काय म्हणणं मांडलं? आधी असेल तर ती सबबच उरत नाही. महाजन अहवालापासून दाव्यापर्यंत छत्तीस-सदतीस वर्षं हा प्रश्न कोणत्याही न्यायालयापुढं नव्हता. त्या काळात दिल्लीच्या खुर्चीत इंदिरा गांधी होत्या, मोरारजी होते, चरणसिंग, राजीव गांधी, व्ही. पी. सिंग, चंद्रशेखर, नरसिंह राव, देवेगौडा, गुजराल आणि वाजपेयी होते. मोरारजींनी तर जुन्या मुंबई राज्याचे मुख्यमंत्री म्हणून भाषावार रचनेचा वणवा जवळून पाहिलेला, आणि देवेगौडा कर्नाटकाच्या मुख्यमंत्रिपदावरून थेट तिथं गेलेले. या दहांपैकी कुणाच्या टेबलावर महाजन अहवालाची फाइल कोणत्या साली आली, आणि तिच्यावर काय शेरा मारला गेला?